निकड नसलेली बाई

टक्.

एवढासाच आवाज. कानामागच्या यंत्राची चकती डोक्याच्या कातडीखाली बसवलेल्या चुंबकाला चिकटली, आणि उठल्यापासून मुक्या असलेल्या जुईच्या जगात सगळं घर एकदम घुसलं. पंखा, कुकर, वरच्या मजल्यावर कुणीतरी ओढलेली खुर्ची. तिने खांदे उचलले, डोळे मिचकावले आणि आईकडे बघून हसली.

"उठल्या का जुईबाई?" वृंदाने विचारलं.

"पोहे," जुईने उत्तर दिलं.

सव्वाचार वर्षांची पोर. जन्मतः ऐकू येत नव्हतं, दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झाली. यंत्र आवाज आत पोचवतं, पण त्या आवाजाचे शब्द करायचं काम मेंदूचं, आणि मेंदू काही कायम वाट बघत बसत नाही. साधारण पाच वर्षांपर्यंत तो ऐकण्यासाठी जागा राखून ठेवतो. तोवर ती वापरली गेली नाही, तर हळूहळू डोळ्यांना, हातांना देऊन टाकतो. डॉक्टरांनी हे कागदावर चित्र काढून समजावलं होतं. तेव्हापासून वृंदाला कॅलेंडरकडे बघवत नसे.

म्हणून दर गुरुवारी अकरा वाजता एरंडवण्यात नाझनीन मॅडमचा ऐकण्या-बोलण्याचा वर्ग. वार त्यांनीच मुद्दाम निवडलेला; गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, रस्ते जरा श्वास घेतात. मॅडमचे हात मायेचे आणि नियम लोखंडी होते. तीन वेळा उशीर झाला की जागा यादीतल्या पुढच्या मुलाला. यादी चौदा महिन्यांची होती.

एकदा उशीर होऊन गेला होता.

धायरीतून गाडी काढली तेव्हा नऊ वाजले होते. अंतर आठ किलोमीटर. पडद्यावर आकडा उजळला, निकडांक ९, आणि वृंदाने नेहमीप्रमाणे त्यावर जुईचा रुमाल टाकला.

दोन वर्षांपूर्वी शहरातले सिग्नल निघाले आणि 'सुगम' आली. प्रत्येक गाडीत काडेपेटीएवढी एक चिप. चौक दोनशे मीटरवर असतानाच ती चौकाला कळवते, मी येतेय, मला उजवीकडे जायचंय. चौक प्रत्येक गाडीला दोन-तीन सेकंदांची जागा नेमून देतो. तुमची जागा आली की पडदा हिरवा; नाही आली तर ब्रेक आपोआप लागतो. 'सुगम' गाडी अडवू शकते, ढकलू मात्र शकत नाही. आणि दोन चौकांच्या मधला रस्ता पूर्वीसारखाच, ज्याचा त्याचा.

एका जागेवर दोन गाड्या आल्या तर आधी कोण? ज्याची निकड जास्त तो. हा आकडा माणसाने स्वतः भरायचा नव्हता, नाहीतर सगळ्या पुण्याने शंभर भरले असते. यंत्र तो तुमच्या चालवण्यावरून ओळखतं. ज्याला घाई असते तो कसा चालवतो, हे त्याला चाळीस चौकांची तीन वर्षांची चित्रणं दाखवून शिकवलेलं होतं. एकेका चित्रणाखाली कोण घुसलं, कोण थांबलं, कुणी हॉर्न दिला, याच्या खुणा करायला साठ बायका बसवल्या होत्या. घरबसल्या काम. वृंदा त्यांची प्रमुख. जुई तेव्हा पोटात होती, आणि वृंदा पोटावर लॅपटॉप टेकवून दिवसाला चारशे चौक बघत असे.

त्या सकाळी धायरीच्या भाजीबाजारापाशी दोन म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून रस्ता ओलांडायला उभ्या होत्या. वृंदा थांबली. शाळेची व्हॅन उलटी वळत होती. वृंदा थांबली. पाण्याच्या टँकरवाल्याने खिडकीतून केविलवाणा हात केला, तेव्हाही थांबली. प्रत्येक चौकात तिच्या डाव्या-उजव्या बाजूने गाड्या हिरव्या होऊन सुसाट जात राहिल्या आणि तिचा ब्रेक लागलेलाच राहिला. राजाराम पुलाच्या तोंडाशी एकोणपन्नास मिनिटं गेली. जुई मागे झोपून गेली.

वर्गात पोचल्या तेव्हा अकरा पंचवीस झाले होते.

"दुसरी वेळ, वृंदा," नाझनीन मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नाही, म्हणून जास्तच लागलं. "यादीतल्या पहिल्या मुलाची आई मला रोज फोन करते. तिलाही पोरगंच आहे."

"मॅडम, दोन तास आधी निघाले होते हो."

"मला ठाऊक आहे. म्हणून तर रागावता पण येत नाही."

*

"कारण तू बावळट आहेस," तुषार म्हणाला. संध्याकाळची वेळ, तो जुईचे बूट काढत होता, आणि नवरा असल्यामुळे हे असं प्रेमाने म्हणायची मुभा त्याला होती. "माझा बघ. एक्क्याऐंशी. घर ते बँक बावीस मिनिटं."

"तुला कसली रे एवढी निकड? बँक दहाला उघडते."

"निकड नाहीच आहे. पण मी कुणाच्या बापाला वाट देत नाही. सगळं ऑफिस असंच चालवतं आता. आमच्या पाटणकर मॅडम, एवढीशी बाई, दमेकरी, त्यांचा चौऱ्याण्णव आहे."

"आणि ज्याला खरंच घाई आहे त्याने काय करायचं?"

"त्यानेही तसंच चालवायचं. हे बघ वृंदा, सहा दिवस. फक्त सहा दिवस कुणासाठी थांबू नकोस. म्हातारी नाही, व्हॅन नाही, कुत्रं आलं तरी नाही. आकडा चढतो. जुईची जागा टिकली की मग हो पुन्हा संत."

जुईने एक बूट हातात घेऊन त्याला "बूट" म्हणून सांगितलं आणि तो कपाटाखाली ढकलला. सव्वाचार वर्षं. नऊ महिने उरलेले.

"सहा दिवस," वृंदा म्हणाली.

तिला वाटलं होतं, आपल्याला जमणार नाही. जमलं. पहिल्या दिवशी जड गेलं, दुसऱ्या दिवशी नाही. फट दिसली की नाक घालायचं, बाजूच्याकडे बघायचंच नाही; डोळ्याला डोळा भिडला की माणूस अडकतो. हॉर्नवर तळवा ठेवूनच चालवायचं. तोंड आपोआप सुटत गेलं. "सरक! अरे सरक ना! माझी वाट आहे!" काचा बंद असत, त्यामुळे बाहेर कुणाला ऐकू जात नसे.

शुक्रवारी १७, शनिवारी २६. सोमवारी डबे पोचवणाऱ्या एका बाईची स्कूटर तिने अशी दाबली, की ती बाई पदपथाला घासून थांबली आणि तीन डबे रस्त्यावर लवंडले. आरशात पोळ्या दिसल्या, त्यावरून गेलेलं मागच्या गाडीचं चाकही दिसलं. वृंदा थांबली नाही. त्या संध्याकाळी आकडा ४४ झाला, आणि तिला आनंद झाला. तो आनंद झाल्याचं तिने तुषारलाही सांगितलं नाही.

बुधवारी ५२.

गुरुवारी धायरी ते एरंडवणं एकतीस मिनिटं लागली. इतक्या लवकर पोचल्या की दाराला कुलूप होतं.

*

त्या दिवशी नाझनीन मॅडमनी टेबलावर दोन बाहुल्या आणि एक खुर्ची मांडली. एक बाहुली खुर्चीवर, दुसरी उभी. "ही काय म्हणेल, जुई?"

जुईने बराच विचार केला. मग उभी बाहुली उचलली, बसलेलीवर आपटली, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "सरक! माझी वाट!"

मॅडमनी टाळ्याच वाजवल्या. "वृंदा! ऐकलंस? शब्दाला शब्द जोडला. आणि तिचं तिने, मी न शिकवता! कुठे शिकली गं राणी?"

जुईने अभिमानाने आईकडे बोट दाखवलं.

"शाब्बास आई," मॅडम म्हणाल्या.

वृंदा हसली. हसायलाच हवं होतं. किती महिने ती या दिवसाची वाट पाहत होती. पहिलं वाक्य काय असेल म्हणून तिने आणि तुषारने पैजाही लावल्या होत्या. 'आई ये', 'पाणी दे', 'चांदोबा बघ'. खाली पडलेली बाहुली टेबलाच्या कडेशी पालथी होती. जुईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गाडीत आल्यावर वृंदाने रुमाल काढला. ५२. आणि त्या आकड्याकडे बघता बघता तिला एक रकाना आठवला.

मूळ यंत्रणा परदेशातून आली होती. तिकडच्या रस्त्यांवर माणसं हात बाहेर काढून एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून त्यात हाताला रकानाच नव्हता. इथे तर सगळा रस्ता हातांवर चालतो. स्कूटरवर मागे बसलेली बाई तळवा दाखवून अख्खी बस थांबवते, रिक्षावाला दोन बोटांनी 'घ्या' म्हणतो. वृंदानेच सुचवलं होतं, 'हाताने वाट दिली' असा एक रकाना घाला. सगळ्यांनी वाहवा केली होती. त्या रकान्यापुढे एक अर्थ लिहायचा होता, दोन-तीन शब्दांत. तो तिने लिहिला होता, जेवणाच्या सुट्टीत, घाईघाईने.

'थांबू शकतो.'

तिला म्हणायचं होतं, हा माणूस भला आहे. यंत्राने वाचलं, याला थांबवून ठेवलं तरी चालेल. मग थांबणाऱ्याला अजून थांबवलं, अजून थांबल्यावर खात्रीच पटली, की याला कसली घाईच नाही. म्हाताऱ्यांसाठी थांबणारे, व्हॅनला जागा देणारे, सगळ्या शहरातले असे लोक दोन वर्षं हळूहळू रांगेच्या शेपटाला ढकलले जात होते. आणि ढकलणाऱ्या खुणा साठ बायकांनी, वृंदाच्या सांगण्यावरून, प्रामाणिकपणे केल्या होत्या.

तिने तिथूनच केळुसकर सरांना फोन लावला. तेव्हाचे साहेब, आता 'सुगम'चे मोठे साहेब.

"तो रकाना उलटा वाचला गेलाय सर. चूक माझी आहे. मी लिहून देते."

"कशी आहेस तू? मुलगी कशी आहे?" सर मनापासून विचारत होते. मग म्हणाले, "बघ वृंदा, सरासरी वेग बावीस टक्क्यांनी वाढलाय. चूक म्हणतेस ती कुठे दिसतच नाही."

"सरासरीत नाही दिसणार. पुलाच्या तोंडाशी येऊन उभे राहा, दिसेल."

"अगं, आम्ही कुणी हाताने त्यात फेरफार करत नाही आता. यंत्र दर आठवड्याला आपलं आपण शिकतं. गुरुवारी दहा ते बारा, रस्ता मोकळा असतो तेव्हाचा नमुना घेऊन. लोक जसे वागतात तसं ते होतं. मी कोण बदलणार?"

"लोक जसे वागतात तसं?"

"तसंच."

"बरं," वृंदा म्हणाली. "थँक्यू सर."

फोन ठेवताना तिला आपला आवाज ओळखू आला नाही. सोमवारी हॉर्नवर तळवा ठेवणाऱ्या बाईचाच तो होता. पण या वेळी घुसायची फट तिला यंत्रातच दिसली होती.

*

साठ बायकांचा ग्रुप अजून होता. दिवसभर चित्रणं बघून बघून त्याचं नाव 'डोळे फुटले' पडलं होतं. जुई दुपारी झोपली की वृंदा पलंगाच्या कडेला बसून अंगठ्याने लिहीत असे. तिने सगळं लिहिलं, रकान्यासकट. कुणी रागावेल असं वाटलं होतं.

'मला वाटलंच होतं,' भोसरीच्या शकुंतलाताईंनी लिहिलं. 'माझा ८८ आहे. का? तर मला गाडी नवऱ्याने शिकवली.'

'माझा ३. मी देवळापाशी थांबते.'

'पण करायचं काय ते बोला.'

वृंदाने लिहिलं: 'यंत्राला एवढंच ठाऊक आहे, की वाट देतो त्याला घाई नसते. आपण कमी आकडेवाल्यांनी वाट दिली तर त्याचं म्हणणं खरंच ठरतं. पण ज्यांची घाई त्याने स्वतः मान्य केलीय, पन्नाशीच्या वरचे, तेच हात काढून वाट द्यायला लागले तर? मग रकान्यावरून काहीच ओळखता येणार नाही. आणि ज्याच्यावरून काही ओळखता येत नाही तो रकाना यंत्र आपोआप गाळतं. साठजणी पुरणार नाहीत. प्रत्येकीने पन्नाशीवरचे दहा आणा. भाऊ, दीर, साहेब, भांडलेली नणंद. गुरुवारी दहा ते बारा.'

पाठवून झाल्यावर शेवटचं वाक्य तिने पुन्हा वाचलं. गुरुवार. दहा ते बारा.

तुषार ताट पुढे ओढता ओढता थांबला. "तुझं डोकं ठिकाणावर आहे का? जागा जाईल तिची! चौदा महिने! तोवर ती साडेपाच वर्षांची होईल, आणि तुला माहितीय मग काय होतं."

"माहितीय."

"मग बाकीच्यांना करू दे की. तू एकटी नसलीस म्हणून काय अडणार आहे?"

"प्रत्येकजण हेच म्हणतोय तुषार. प्रत्येकाला गुरुवारी अकराला कुठेतरी पोचायचंच आहे." तिने भाजीचं भांडं जवळ ओढलं. "मी पोरीला ऐकायला शिकवतेय. आणि माझ्याकडून ती ऐकतेय काय? 'सरक.' तेही मी बंद काचेत ओरडते, आत फक्त तीच असते. मला हे नाही चालणार. बोलायला उशिरा शिकली तर मी चोवीस तास तिच्याशी बोलेन, घसा फाटेपर्यंत. पण हे नाही."

"सगळ्या जगाचं तूच का?"

"जगाचं नाही. रकाना माझा आहे."

"मी येणार नाही यात," तुषार म्हणाला. "सांगून ठेवतो."

"तुला बोलावलंय कुणी?" वृंदा म्हणाली आणि त्याच्या ताटात भाजी वाढली, जरा आपटूनच.

*

गुरुवारी दहा वीसला ती राजाराम पुलाच्या तोंडाशी पोचली. ५२ च्या जोरावर रस्ता कसा लोण्यासारखा कापला गेला होता. पडदा हिरवा झाला. 'आपली जागा आली आहे. पुढे चला.' पुलापलीकडे दहा मिनिटांवर वर्ग. अकराच्या आत सहज.

वृंदाने काच खाली केली. मागे जुईने दोन्ही कानांवर हात ठेवले. रस्ता एकदम आत आला होता.

समोरच्या गल्लीच्या तोंडाशी मांडवाचे बांबू लादलेला एक टेंपो उभा होता. चालक दाराला टेकून, चहा संपवून, कपाच्या तळाकडे बघत बसलेला. त्याने आशा सोडल्याला बराच वेळ झाला असावा. वृंदाने हात बाहेर काढला, तळवा वर, आणि झुलवला.

त्याने मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला तर नाही ना.

"तुम्हीच! जा तुम्ही!"

"ताई, गाडी बंद पडली का?"

"नाही हो! जा ना!"

"लग्न आहे का कुणाचं?" त्याने विचारलं, पण तोवर त्याचा पडदा हिरवा झाला होता. टेंपो खडखडत निघाला.

'आपण जागा सोडली आहे. आपला निकडांक ४७.'

मागे हॉर्नचा डोंब उसळला. एक गृहस्थ उतरून खिडकीशी आले. "ओ बाई, चालवता येत नसेल तर घरी बसा की!"

"येतं हो मला. तुमच्यापेक्षा वाईट चालवून दाखवू का? मागच्याच आठवड्यात दाखवलंय मी. तुमचा आकडा किती?"

"सत्त्याहत्तर. का?"

"मग तुम्हीही एकदा देऊन बघा. दुखत नाही."

ते काहीतरी पुटपुटत परत गेले. वृंदाला पुन्हा जागा मिळायला आता वेळ लागत होता, आणि प्रत्येक वेळी ती सोडत होती. स्कूटरवरचं जोडपं. शाळेची व्हॅन. भांड्यांची हातगाडी घेऊन येणारा एक म्हातारा, ज्याला चिपही नव्हती आणि आकडाही नव्हता. ३८. २९. अकराला पाच कमी. मागचे ते सत्त्याहत्तरवाले गृहस्थ अचानक तिच्या शेजारून पुढे आले, जागेवर थांबले, आणि काच खाली करून कुणालातरी अगदी रागारागाने म्हणाले, "जा बाबा! जा एकदाचा!"

ग्रुपवर मजकूर धो धो येत होता. 'कात्रजला आम्ही अकरा.' 'माझ्या दिराने दिली!! आयुष्यात पहिल्यांदा!!' 'विद्यापीठाच्या चौकात लोक भांडतायत, आधी तू, नाही आधी तू.'

अकरा वाजले. अकरा दहाला नाझनीन मॅडमचा फोन आला.

"कुठे आहेस?"

"पुलाच्या अलीकडे, मॅडम. मी... मुद्दाम थांबलेय. नंतर सांगेन."

"त्या दुसऱ्या आईला मी आत्ता फोन करतेय, वृंदा. नियम मला तुझ्यासाठी मोडता येत नाही."

"मोडू नका," वृंदा म्हणाली. "तिलाही पोरगंच आहे."

फोन बंद झाल्यावर तिने दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं आणि पुढे बघत राहिली. रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते साधारण जमलं. मग पुन्हा फोन वाजला. तुषार.

"एक्क्याऐंशीचा सव्वीस झालाय माझा!" तो ओरडत होता, मागे हॉर्न, माणसं, कुणाचं तरी हसणं. "कर्वे रोडला उभा आहे, बँकेला सांगितलंय पोट बिघडलंय म्हणून. पाटणकर मॅडम पण आहेत, त्या तर गाडीतून उतरून हात दाखवतायत. काय करून ठेवलंस गं तू हे?"

वृंदाला हसू फुटलं आणि त्याच्यासोबत बाकीचंही सगळं फुटलं. "जागा गेली रे," ती म्हणाली.

"कळलं मला," तो म्हणाला. "आज घरी मी बोलतो तिच्याशी. तू घसा ठेव उद्याला."

बारा वाजायला आले होते. पडद्यावरचा आकडा उतरत उतरत चारावर आला, हलला, आणि नाहीसा झाला. त्या जागी दोन वर्षांत कुणी न पाहिलेली ओळ उमटली. 'निकडांक ठरवता येत नाही.'

वृंदा त्या ओळीकडे बघत राहिली. आठवडाभर टिकेल की उद्याच पुन्हा आकडा येईल, तिला माहीत नव्हतं. हात मात्र तिचा अजून बाहेरच होता. दुखून आला होता, उन्हाने लाल झाला होता. एक भाजीची रिक्षा जाऊ दिली, मग एक पांढरी मोटार.

मागच्या सीटवर जुईने कानांवरचे हात केव्हाच काढले होते. ती पुढे वाकून, आईच्या सीटला हनुवटी टेकवून, बाहेरच्या त्या हाताकडे लक्ष देऊन बघत होती. तिनेही आपला छोटासा तळवा वर केला, झुलवून पाहिला.

"आई, तू सगळ्यांना जा म्हणते."

"हो गं राजा."

जुईने बराच विचार केला.

"मग आपल्याला कोण म्हणणार, जा?"